दोघांच्या हातचं

आमच्या ओट्याच्या बरोबर मधोमध काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली आहे. मीच चिकटवली. डावीकडचा बर्नर माझा, उजवीकडचा त्याचा. डावीकडची फळी, डबे, तेल, मीठ माझं. त्याचं मीठ वेगळं, तेल वेगळं, भांडी घासायचा काथ्यासुद्धा वेगळा. सिंक तेवढं एकच आहे, कारण सिंक कापता येत नाही. येत असतं तर तेही कापलं असतं, माझ्याकडे ग्राइंडर आहे.

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. लेडीज टेलर आहे. मी त्याला कात्री म्हणतो. तोंडावर नाही, कारण तोंडावर आम्ही एकमेकांना काहीच म्हणत नाही. तो मला शॉर्टसर्किट म्हणतो, हे मला आईकडून कळलं. माझं मोटारी रिवाइंड करायचं वर्कशॉप आहे. पंप, मिक्सर, पंखे, जळलेलं काहीही आणा. माझं डोकं जरा लवकर तापतं, हे मी नाकारत नाही. पण घरात असला माणूस असल्यावर कोणाचं तापणार नाही, सांगा बरं.

दोघांचीही लग्नं झाली नाहीत. माझं जमलं नाही आणि त्याचं जमवायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. घरात आम्ही दोघं आणि आई. आईचे गुडघे गेले, तिला ओट्याशी उभं राहवेना, तेव्हा स्वयंपाक आमच्याकडे आला. आम्हाला तो तिनंच शिकवला होता, लहानपणी. खरं तर ती ताईला शिकवायला निघाली होती. ताई म्हणजे आमची मोठी बहीण. तिनं पहिल्याच आठवड्यात दूध, भात आणि एक लाकडी चमचा जाळला, आणि आईनं तिच्यापुढे हात टेकले. ताई आता एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, आणि अजूनही भात जाळते.

माझा स्वयंपाक सरळ आहे. कांदा, लसूण, टोमॅटो, मीठ, मिरपूड, आणि घाई नाही. कांदा मंद आचेवर सोडायचा आणि त्याच्यापाशी उभं राहायचं. आधी तो पाणी सोडतो, मग मऊ पडतो, मग कडेनं रंग धरतो. तेव्हा ठेचलेला लसूण, मग टोमॅटो. टोमॅटोचं पाणी आटलं, तेल बाजूला दिसायला लागलं, की चमच्यानं खळगे करायचे आणि त्यात अंडी फोडायची. झाकण ठेवायचं आणि गॅस बंद. आतलं पिवळं मऊ राहतं. बरोबर गरम भात, नाहीतर पाव. रोज खाल्लं तरी कंटाळा येत नाही. बाबा असताना आई हेच करायची आणि आम्ही पातेलं पुसून खायचो.

आणि त्याचं? त्याला साधं काही करताच येत नाही. मंगळवारच्या दुपारचा उकडलेला बटाटासुद्धा हा लग्नाला निघाल्यासारखा नटवतो. डब्याला मोबाइल टेकवून व्हिडिओ लावतो, कोणीतरी बाई त्यात लाडेलाडे बोलत असते, आणि हा तिच्या तालावर तीळ भाजतो, लिंबाची साल किसतो, लोण्यात लसूण परततो. घरभर वास. वास चांगला येतो, ते मी मान्य करतो. वास काय, नव्या पेंटलाही येतो. चव मी कधी घेतली नाही आणि घेणारही नाही.

भांडण कशावरून, ते सांगतो. मग तुम्हीच ठरवा.

आईचा एक नियम होता. पातेल्यात मीठ पडलं की झाकण उलटं ठेवायचं. मीठ पडलं नसेल तर सरळ. एका स्वयंपाकात तीन-तीन हात, त्यात आईला कामात बडबड आवडायची नाही, म्हणून ही सोय. आमच्या घरात वर्षानुवर्षं कोणी "मीठ घातलंय का" असं विचारलेलं नाही. बाबा रिटायर झाले तेव्हा त्यांच्या ऑफिसातली माणसं घरी जेवायला होती. कोंबडीचा रस्सा माझ्याकडे, भात त्याच्याकडे. मी मीठ घातलं, झाकण उलटं ठेवलं आणि शेजारून खुर्च्या आणायला गेलो. तो म्हणतो, झाकण सरळ होतं. सरळ कसं असेल? या हातानं उलटं ठेवलं होतं मी! तर साहेबांनी वरून पुन्हा मूठभर मीठ घातलं.

पाहुण्यांनी पहिला घास घेतला आणि सगळ्यांना एकदम तहान लागली. एक जण म्हणाला, "भात मात्र झकास झालाय हं." भात! बाबा तेवढे खात राहिले. मान खाली घालून त्यांनी पूर्ण वाटी संपवली, वर आणखी मागून घेतलं. मला ते अजून दिसतं. पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, मुद्दाम केलंस, माझं नाक कापायला. तो म्हणाला, तूच झाकण विसरलास आणि आता माझ्या गळ्यात मारतोस. मग बरंच काही बोललो आम्ही. बाबा त्यानंतर फार जगले नाहीत, आणि आमचं बोलणं त्या दिवशी बंद झालं ते झालंच. ताईनं कधी खोलात जाऊन विचारलं नाही. मिठावरून तोंडं फिरवणाऱ्या घोड्यांचं मला काही ऐकायचं नाही, असं तिनं फोनवर सुनावलं आणि विषय संपवला.

मग सगळं आईच्या मार्फत सुरू झालं. "आई, त्याला सांग सिलेंडर संपत आलाय." "आई, त्याला सांग सिलेंडर मागच्या वेळी मी आणला होता." आम्ही दोघं एकाच खोलीत, आई मध्ये खुर्चीवर, आणि ती बिचारी एकदा इकडे मान करणार, एकदा तिकडे. सुरुवातीला ती हसायची. नंतर नुसती मान हलवायची.

आता मुद्द्याचं. आईचं जेवण.

मी सकाळी लवकर उठतो, वर्कशॉप उघडायच्या आधी माझा स्वयंपाक करतो. तो उशिरा उठतो, त्याचं दुकान उशिरा उघडतं, तो नंतर करतो. दुपारी मी घरी येतो तेव्हा तो दुकानात असतो. संध्याकाळी तो येतो तेव्हा मी पुन्हा वर्कशॉपला असतो. अशी आमची पाळी छान बसली होती, तोंड बघायला नको. मी आईपुढे ताट ठेवलं की ती म्हणायची, "अरे, आत्ताच त्यानं एवढं खायला घातलं. पोट गच्च भरलंय. तू ठेव, मी बघते नंतर." नंतर म्हणजे कधीच नाही. दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. म्हणजे त्याचे तीळ आणि त्याचं लोणी हिला चालतं, आणि मी पहाटे उठून कांद्यापाशी उभा राहतो ते नको!  ताट उचलायचो, जरा आवाज करून सिंकमध्ये ठेवायचो, आणि उरलेलं उभ्या उभ्या खाऊन टाकायचो.

मग तिच्या घड्याळाचं झालं. बाबांनी दिलेलं घड्याळ, चामडी पट्ट्याचं, ती झोपतानाही काढत नाही. एक दिवस म्हणाली, सैल झालंय रे, कोपरापर्यंत जातं. मी वर्कशॉपमधून टोच्या आणला आणि पट्ट्याला एक भोक पाडून दिलं. पुढे आणखी एक पाडलं. मग आणखी एक. मला वाटलं, चामडं जुनं झालंय, ताणलं असेल. नाही, हे खोटं आहे. मला वाटलं, त्याचं चटकदार खाऊन हिचं पोट बिघडलंय, अंगाला लागत नाही, आणि दोष त्याचा आहे. त्यानं हिला मारायला घेतलंय, असंसुद्धा मला एकदा वाटलं, आणि ते वाटून बरं वाटलं.

तो पण तिचे गाऊन दुकानात न्यायचा आणि बाजूनं आत घेऊन आणायचा. मी ते बघायचो आणि म्हणायचो, बघा, आली कात्री मिरवायला.

मग ताई एकदा येऊन गेली. आईला मिठी मारली आणि ताईचा चेहराच बदलला. जाताना दारात मला म्हणाली, "आईच्या पाठीची हाडं लागली हाताला. घरात दोन-दोन आचारी ठेवून ही अशी? वाढदिवसाला मी परत येते. तेव्हाही अशीच दिसली तर सरळ माझ्याकडे नेणार. आधीच सांगून ठेवते, नंतर बोंब मारायची नाही."

मला घाम फुटला. तुम्हाला वाटेल, सुटली असती बिचारी. तुम्हाला काय जातं वाटायला! मी दुपारी घरी येतो तेव्हा दारातच आई विचारते, "आज काय जळलेलं आलं?" मग मी सांगतो, एका हॉटेलचा पंप आला, एका म्हातारीचा मिक्सर आला, त्यात नाणं निघालं. ती सगळं ऐकते. पूर्ण दिवसात मला विचारणारं माणूस तेवढं एकच. ती गेली तर मी त्या घरात कोणाशी बोलणार, टेपशी? आई गेली तर मी संपलो, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी ठरवलं, वाढदिवसाला आई माझ्या हातचं पोटभर जेवणार आणि ताईच्या डोळ्यांदेखत जेवणार. त्या लोणीवाल्याचं ताट तसंच्या तसं परत जाणार.

वाढदिवसाच्या दिवशी मी वर्कशॉप बंद ठेवलं. त्यानंही दुकान बंद ठेवलं, मेल्यानं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकाच वेळी ओट्याशी उभे राहिलो, मध्ये टेप.

मी काही डोंगर पोखरला नाही. कोंबडी कांद्यात, बरोबर भात, आणि आईची आवडती टोमॅटोतली अंडी. खास दिवस असला की माणसं दहा गोष्टी घालतात आणि मूळ चव मारून टाकतात. खास दिवशी फक्त वेळ जास्त द्यायचा. मी कांद्याला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ दिला. तो इतका मऊ झाला की चमच्यावर टिकेना. कोंबडीचे तुकडे आधी नुसत्या तव्यावर लाल करून घेतले, मग कांद्यात सोडले, गरम पाणी अगदी बेताचं.

त्यानं मासा आणला होता. आख्खा. त्याच्या पोटात लिंबाच्या चकत्या, बाहेरून लोणी, बाजूला छोटे बटाटे, वर हिरवा पाला. शिवाय दुधात भात शिजवून त्यात साखर आणि भाजलेले बदाम. बदाम तो माझ्या बाजूला सांडेल अशा बेतानं कापत होता. एक तुकडा टेपच्या अलीकडे उडाला. मी तो बोटानं परत पलीकडे उडवला. त्यानं तेल घेताना कोपर मारलं. मी पातेलं सरकवताना त्याच्या हाताला वाफ लागेल इतपत सरकवलं. "आई," तो मोठ्यानं म्हणाला, "त्याला सांग, हा ओटा आहे, त्याचं गॅरेज नाही." "आई," मी म्हणालो, "त्याला सांग, माशाचा वास माझ्या कोंबडीला लागला तर मासा खिडकीतून जाईल."

आई बाहेरच्या खोलीत होती. तिची खुर्ची नुसती करकरली.

ताई आली, केक घेऊन. विकतचा, सुदैवानं. सगळे टेबलाशी बसलो. मी माझं ताट आईपुढे ठेवलं. त्याच क्षणी त्यानं त्याचं ठेवलं. दोन ताटं एकमेकांना टेकली आणि माझ्या रश्श्याचा थेंब त्याच्या बटाट्यावर उडाला.

आई दोन्ही ताटांकडे बघत राहिली. मग हळूच माझं ताट थोडं मागं सारून म्हणाली, "अरे, खरंच भूक नाही. याचा नाश्ता जरा जड झाला सकाळी."

"कसला नाश्ता?" कात्री म्हणाला. "मी कुठं दिला नाश्ता? तूच म्हणालीस ना, मोठ्यानं अंडी दिली, पोट भरलंय."

माझा हात हवेतच राहिला. "मी? मी सकाळी अंडी केलीच नाहीत. तूच मला म्हणालीस, तो उठून काहीतरी देणार आहे म्हणून थांबते."

आम्ही दोघं आईशी बोलत होतो, पण तोंडं एकमेकांकडे होती.  आई बटाट्यावर उडालेला तो थेंब बोटानं पुसत होती.

"काल?" ताईनं विचारलं. आवाज अगदी शांत. तिचा तो आवाज आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे, त्यानंतर वीज कोसळते. "काल दुपारी आई काय जेवली?"

"याचं," मी म्हणालो.

"याचं," तो म्हणाला.

"परवा?"



ताई उठली. आईचा हात धरला आणि टेबलावर आमच्यापुढे ठेवला. "हे घड्याळ. पट्ट्याला भोकं कोणी पाडली?"

"मी."

तिनं आईच्या गाऊनची बाजू उलटून दाखवली. आत शिवणीवर शिवण, शिवणीवर शिवण. "आणि हे?"

"मी," तो म्हणाला.

"वा!" ताई म्हणाली. "एक भोकं पाडत गेला, एक टाके घालत गेला. आई खंगत चालली होती आणि तुम्ही दोघं तिला मापात बसवत होतात! अरे, लाजा कशा वाटल्या नाहीत? एकानं दुसऱ्याला एका शब्दानं विचारलं असतं, आई तुझ्याकडे जेवली का, तर काय जीभ झडली असती?"

"मला काय माहीत," मी ओरडलो, "मला वाटलं हा..."

"मला वाटलं हा!" तोही ओरडला.

"गप्प!" ताई म्हणाली, आणि आम्ही गप्प झालो. मग ती आईकडे वळली. "आणि तू? तुला झालं काय? दोन्ही का नाही खाल्लंस?"

आईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "मला दोघांच्या हातचं आवडतं गं," ती म्हणाली. "पण धाकट्याचा भात संपवला की मोठा ताटं आपटतो. भिंतीपलीकडे ऐकू जातं. मोठ्याची अंडी संपवली की धाकटा दुसऱ्या दिवशी माझ्या हातून चहासुद्धा घेत नाही. तोंड पाडून बसतो. मला नाही बघवत. मग म्हटलं, कोणाचंच नको. थोडे दिवस भूक छळते. नंतर मरते, मग काही वाटत नाही."

हे ती आम्हाला दोष देण्यासाठी बोलली असती तर मला चाललं असतं. ती पाऊस थांबला असं सांगावं तशी बोलली.

ताईनं आतून आईची बॅग भरून आणली. मी आडवा गेलो. म्हणालो, आजपासून मी बघतो, एकेक घास भरवतो, आई कुठं जाणार नाही. कात्रीही पुढं आला, म्हणाला, मी दुकान बंद करून घरी बसतो. "तू काय बसणार, तुझ्या माशानंच..." मी म्हणालो, आणि तो म्हणाला, "आधी स्वतःची आदळआपट बघ!" तिथं, आईच्या बॅगेच्या दोन बाजूंना उभे राहून, पुन्हा आमचं सुरू झालं. ताईनं आईची चप्पल शोधली, तिला उठवलं आणि आमच्या मधून बाहेर नेलं. जाताना आईनं टेबलाकडे बघितलं. "झाकून ठेवा रे," ती म्हणाली. "वाया जाईल."

दार लागल्यावर आम्ही दोघंच राहिलो. "तुझ्यामुळे," मी म्हणालो. "तुझ्यामुळे," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी, मध्ये कोणी नसताना, एकमेकांशी बोललेला हा पहिला शब्द. मासा थंड झाला, कोंबडी थंड झाली. कोणी झाकलं नाही.

नंतरचे दिवस कसे गेले विचारू नका. मी पाव आणि चहावर राहिलो. दुपारी घरी यायचं बंद केलं. येऊन काय करू? वर्कशॉपमध्ये एका मिक्सरमधून मुलाच्या खेळण्यातली गाडी निघाली, आणि ते सांगायला कोणी नाही, या विचारानं मी तो मिक्सर आपटला. गिऱ्हाईक बघतच राहिलं. उजवीकडचा बर्नरही पेटलेला मला दिसला नाही. त्याचं तो जाणे.

ताई आईला फोन द्यायची नाही. म्हणायची, जेवतेय, झोपलीय, बाहेर ऊन खातेय. शेवटी म्हणाली, रविवारी या. दोघंही या, एकटा आला तर दार उघडणार नाही.

रविवारी मी अंडी केली, टोमॅटोतली, डब्यात भरली, डबा टॉवेलात गुंडाळला. ताईच्या बिल्डिंगखाली पोचलो तर हा तिथं उभा, हातात डबा, तोही टॉवेलात गुंडाळलेला. दोघांचे टॉवेल एकाच जोडीतले, आईनं घेतलेले. आम्ही एकमेकांकडे न बघता जिना चढलो, तो पुढं, मी मागं, मुद्दाम अंतर ठेवून.

ताईनं दार उघडलं आणि हात पुढं केला. "डबे."

आम्ही दिले. तिनं दोन्ही डबे बाहेर चपलांच्या फळीवर ठेवले आणि दार लावलं. "आत यायचं तर रिकाम्या हातानं. बसा, जेवायची वेळ झालीय."

आई टेबलाशी बसली होती. मी आधी घड्याळ बघितलं. पट्टा मी पाडलेल्या शेवटच्या भोकात नव्हता. एक मागं गेला होता. मला इतका आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ इतका राग आला, की मला खुर्ची ओढताना दिसेना. आईनं माझ्या हातावर हात ठेवला. "काय जळलेलं आलं?" तिनं विचारलं. मी तिला खेळण्यातल्या गाडीचं सांगितलं, पण धड सांगता आलं नाही.

गॅसवर एक पातेलं होतं, झाकण उलटं. मी ते बघितलं. कात्रीनंही बघितलं, मला कळलं, कारण त्याची मान माझ्याबरोबरच वळली. ताईनं वाढलं. काय होतं ते देवालाच ठाऊक. बटाटे आणि गाजरं पाण्यात उकडलेली, खाली लागल्याचा वास येत होता, बटाट्यांचं निम्मं पीठ झालेलं आणि गाजरं कच्ची. मी चमचा तोंडात घातला. मीठच नव्हतं. कणभर नव्हतं.

"मीठ नाही यात," कात्री म्हणाला. "झाकण तर उलटं आहे."

"मग?" ताई म्हणाली.

"उलटं म्हणजे मीठ पडलं."

"अरे हो, तुमचं ते झाकण!" ताई हसली. "मला ते जन्मात लक्षात राहिलं नाही. मी उघडते, बघते, हाताला येईल तसं ठेवते. आईच्या किती शिव्या खाल्ल्यात त्यावरून! बाबांच्या ऑफिसची ती माणसं आली होती ना, तेव्हाही दोनदा उघडून बघितलं होतं मी, कोंबडी शिजली का म्हणून. एक तुकडा पळवलासुद्धा. सडकून भूक लागली होती मला." तिनं आमच्याकडे बघितलं. "काय झालं? तोंडं का अशी केलीत?"

  मला उठून ते पातेलं खिडकीतून फेकावंसं वाटत होतं. ताईला गदागदा हलवावंसं वाटत होतं. समोर बसलेल्या माणसावर ओरडायला मात्र माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. तोही माझ्याकडे तसाच बघत होता, जबडा आवळून, जणू मी त्याचं काहीतरी चोरलंय. मग त्यानं मिठाची बाटली उचलली, आपल्या वाटीत मीठ घातलं आणि बाटली माझ्यापुढे आदळली.

"घे," तो म्हणाला.

"हळू ठेव. फुटेल," मी म्हणालो, आणि घेतली.

आईकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ती जेवत होती. मीठ न मागता, आमच्याकडे न बघता, तो करपट, अळणी गाळ ती भराभर खात होती. गाजराचे कच्चे तुकडे कडाकडा चावत होती. मी तिला असं खाताना शेवटचं कधी बघितलं ते मला आठवेना. ताई मोबाइलवर काहीतरी बघत होती, आई किती खाते याची तिला फिकीर नव्हती. तिचं पातेलं संपलं काय, उरलं काय, ती कोणावर रुसणार नव्हती.

आईनं पावाच्या तुकड्यानं वाटी पुसून घेतली, आणि ती वाटी आमच्या दोघांच्या मधून ताईपुढे धरली.

"थोडं आणखी वाढ गं," ती म्हणाली.